समया भाड्याच्या

"कुमुदकाकू, पापड नंतर वाळत घाला, आधी कठड्यापाशी या. काल लग्नाला का नाही आलात?"

"गुडघे गं. अफझलगंज ते काचीगुडा रिक्षात हिसके खाणं आता होत नाही. कसं झालं वकिलीणबाईंच्या नातीचं?"

"निदान स्टेज बघायला तरी यायचं होतं! लाल मखमल, सोनेरी सिंहासनं सगळं गेलं. आता फिकं फिकं. मागं केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, घंगाळात तरंगती फुलं आणि दोन्हीकडं पुरुषभर उंच समया."

"समया त्यांच्या घरच्या?"

"कुठल्या! डेकोरेटरच्या, भाड्याच्या. अक्षता पडल्या की टेम्पोत."

"अगबाई! 1908 साली मुसीला पूर आला, अफझल पूल वाहून गेला, तेव्हा वकिलीणबाईंच्या आजेसासूनं म्हणे काही नाही, देवघरातली समई तेवढी उचलून घर सोडलं. ती समई ह्या बाईनं बेगमबाजारात मोडीत घातली आणि स्टीलचे डबे आणले. मी होते ना सोबत! आता भाडं भरा."

"हळू बोला, खिडकी उघडी आहे त्यांची. आणि झेंडू तरी कुठं खरा होता? निम्मा कापडाचा, तोही बेगमबाजारचाच."

"का? गुडीमल्कापूरचा फुलबाजार ओस पडलाय की काय?"

"तसं नाही हो. सकाळी ओवलेला झेंडू त्या दिव्यांखाली संध्याकाळपर्यंत मान टाकतो. कापडाचा उद्या दुसऱ्या लग्नाला चालतो. म्हणून हाताशी येतो तिथं खरा, वर उंचावर खोटा. आणि हळदीची तर कमालच. पाहुण्यांना पिवळे कपडे सक्तीचे, आणि नवरीला हळद? बोटभर! जास्त लावली तर मेकअप बिघडतो."

"अंतरपाट तरी धरला ना?"

"धरला की, जाळीचा! टिकल्यांनी दोघांची नावं भरलेला. आरपार दिसतं, फोटो चांगले येतात."

"मग धरायचा कशाला?"

"मुलगा तेलुगू ना. त्यांचा अड्डुतेरा, आपला अंतरपाट, एकाच कापडात भागवलं. मंगलाष्टकं आपली, डोक्यावर जिरं-गूळ त्यांचा. मला तर ते गोड वाटलं. नऊवारीवर मुंडावळ्या आणि पाठीवर फुलांची पूलजडा, फार शोभली पोर. चुडा मात्र लाखेचा, लाडबाजारचा."

"शिव शिव! चुडा काचेचाच हवा. लाख किणकिणते का कुठं?"

"2024 मध्ये त्या बांगड्यांना जीआय मिळालाय म्हणे. दुकानदार तेच ऐकवतो आणि भावात एक रुपया सोडत नाही."

"रुखवत?"

"पुण्याहून कुरिअरनं. बायका नावं ठेवायला जमल्या खऱ्या, पण ठेवणार कुणाला? कुरिअरवाल्याला? आपल्या वेळी मावशीचा सातूचा किल्ला एका बाजूला कलला होता, त्यावर वर्षभर बोललो आपण."

"ते असू दे. तू उगाच नाही हाक मारलीस. काम बोल."

"काकू, मार्गशीर्षात आमच्या धाकटीचं आहे. तुमचं माळ्यावरचं ते मोठं घंगाळ..."

"भाडं?"

"काय काकू, घरच्या माणसाकडून!"

"बरं, ने. पण चिंचेनं घासून, लखलखीत करून परत दे. आणि त्यात कापडाची फुलं सोडलीस तर लग्नाला येणार नाही, सांगून ठेवते."