दिसते तेवढेच सांडपाणी

स्वच्छ भारत मिशनच्या २०२० साली सुरू झालेल्या दुसऱ्या ग्रामीण टप्प्याने हागणदारीमुक्त गावांची चढती प्रतवारी ठरवली. घनकचरा किंवा सांडपाणी यांपैकी एकाची सोय असलेले गाव उदयोन्मुख, दोहोंची सोय असलेले उज्ज्वल, आणि त्याउपर ज्याच्या सार्वजनिक जागी तुंबलेले पाणी फारसे दिसत नाही व भिंतींवर स्वच्छतेचे संदेश मात्र दिसतात ते उत्कृष्ट. उत्कृष्टतेची शेवटची पायरी अशा रीतीने रंगाऱ्याच्या हाती सोपवण्यात आली आहे.

या दर्शनशास्त्राला रत्नागिरी जिल्ह्याइतकी अनुकूल भूमी क्वचितच लाभेल. येथील जांभा, म्हणजे लोहयुक्त आणि छिद्रांनी पोखरलेला तांबडा दगड, वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस गिळूनही मे महिन्यात वाड्यांना टँकरची वाट पाहायला लावतो, तेथे मोरीच्या पाण्याची काय कथा! शोषखड्डा, म्हणजे दगडगोटे भरून सांडपाणी जमिनीत मुरवण्यासाठी खणलेला खड्डा, देशावरच्या काळ्या मातीत तुंबतो आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याला अडचणीत आणतो. जांभ्यात तो सहसा तक्रार करत नाही. पाणी सावकाश झिरपले तरच मातीतील जिवाणूंना त्यातील घाण खायला सवड मिळते, ही शास्त्राची अट जांभ्याला कोणी कळवलेली नाही. भेगांतून उतरलेले पाणी खालच्या चिकण थराला अडून उताराच्या दिशेने सरकते, आणि वरच्या वाडीने मुरवलेला साबण खालच्या वाडीच्या विहिरीकडे निघतो. मधल्या प्रवासात तो कोणाच्याही दृष्टीस पडत नसल्यामुळे दोन्ही वाड्या उत्कृष्टच राहतात.

मिशनच्या निधीचे गणितही मननीय आहे. ५००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाण्यासाठी दरडोई २८० रुपये, तर त्याहून मोठ्या गावाला ६६० रुपयांपर्यंत मंजूर होतात. वाडीतल्या माणसाचे आंघोळीचे पाणी बहुधा मुळातच कमी मळत असावे. ८०० वस्तीच्या गावाच्या वाट्याला येणारे २,२४,००० रुपये सडा, म्हणजे जांभ्याचे उघडे पठार, आणि घाट्यांनी विभागलेल्या चार-पाच वाड्यांत वाटायचे, आणि त्यातूनच, जलजीवन मिशनच्या हिशेबाने माणशी रोज ५५ लिटर आलेल्या पाण्यापैकी जे सांडते त्याची सोय लावायची, अशी ही योजना आहे.

न्हाणीचे पाणी पाटाने केळीच्या आळ्यात किंवा माडाच्या बुंध्याशी सोडण्याची कोकणातील जुनी रीत मिशनच्या मार्गदर्शिकेलाही परसबाग या नावाने मान्य आहे. तिची उणीव एवढीच की केळीला अंदाजपत्रक लागत नाही, ठेकेदार लागत नाही आणि तिच्या पानावर घोषवाक्यही रंगवता येत नाही. विहिरीची व्यवस्था निराळी असते: ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्याचा नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेकडे धाडतो, आणि अहवाल दूषित आला की विहिरीत टीसीएल, म्हणजे जंतुनाशक ब्लीचिंग पावडर पडते. वरच्या वाडीतील शोषखड्ड्याचे छायाचित्र तोवर अक्षांश-रेखांशासह मिशनच्या संकेतस्थळावर चढलेले असते.