काखेत नळकांडं

मुळशी तालुक्यात पिस्तुलाची तक्रार चारचौघांत करू नये, हे मला पौडमधल्या एका हार्डवेअरच्या दुकानात कळलं. मी आपला भाबडेपणाने म्हणालो, "पिस्तूल गळतंय हो. बारीक वायसर मिळेल का?" दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. दोघांनी खिळे न घेताच काढता पाय घेतला. तिसऱ्याने मला पायापासून टोपीपर्यंत न्याहाळलं आणि बसायला स्टूल पुढे सरकवलं. 2018 साली ‘मुळशी पॅटर्न’ हा गुंडगिरीवरचा सिनेमा येऊन गेल्यापासून इकडे पिस्तूल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभं राहतं. त्या चित्रात माकडटोपी घातलेला, गुडघ्याला पट्टा बांधलेला निवृत्त बँक कर्मचारी काही केल्या बसत नाही.

माझं पिस्तूल छर्ऱ्याचं. 4.5 मिलिमीटरची नळी, 20 ज्यूलच्या आतला जोर, म्हणून परवान्याची भानगड नाही. मुठीत 12 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडचं बोटाएवढं नळकांडं बसवायचं, तळाचा स्क्रू पिळायचा, की आतली सुई त्याला भोक पाडते. मग दर चापागणिक चिमूटभर वायू सुटतो आणि छर्रा बाहेर. पण मी दुकानात हट्टाने ‘ब्लोबॅक’वालं मागितलं. यात दर बाराला वरची पट्टी खाडकन मागे जाऊन येते, सिनेमातल्यासारखी. त्या खाडकनचा खर्चही त्याच 12 ग्रॅममधून वळता होतो, हे दुकानदार सांगत होता तेव्हा मी समोरच्या आरशात स्वतःला बघत होतो.

मे महिन्यात एका नळकांड्यात 46 बार झाले. मी वहीत लिहून ठेवले, जन्माची सवय. डिसेंबरात आमच्या अकरा गुंठ्यांवर त्याच पिस्तुलाने 17 दिले. अठरावा छर्रा नळीतून घरंगळला आणि चपलेवर पडला. म्हणजे 29 बारांची तूट! बँकेत चार आण्यांची तूट आली तरी आम्ही रात्री नऊपर्यंत उठायचो नाही.

पहिला संशय गळतीवर. शेगडीची नळी तपासतात तसं पिस्तुलाला साबणाचं पाणी चोपडलं. बुडबुडा एकही आला नाही. पाणी मात्र आत गेलं आणि चार दिवसांत स्प्रिंग गंजली. मग टेफ्लॉनची टेप गुंडाळली. इतकी, की स्क्रू आट्यांत बसेना. भोक पाडलेलं नळकांडं रात्रभर आतच ठेवायची माझी खोड होती, त्याने वायसर दबून राहतो आणि सकाळपर्यंत वायू पसार होतो. ही एवढी चूक खरी निघाली. ती सोडली, तरी ताज्या नळकांड्याचे बार सतराच.

शेवटी पुण्यात जाऊन कुकर दुरुस्त करणाऱ्यापुढे पिस्तूल ठेवलं. त्याने न दचकता ते खोललं, आत डोकावला, वास घेतला आणि म्हणाला, "काका, यात वडी जमलीय."

सांगायलाच हवं. वायसर मऊ राहावा म्हणून नव्या नळकांड्याच्या तोंडाला थेंबभर सिलिकॉन तेल लावायचं असतं. पिस्तुलासोबत मिळालेली बाटली मी पहिल्याच आठवड्यात हरवली. तेल ते तेल, म्हणून बायकोच्या कपाटातलं खोबरेल वापरलं. मे महिन्यात ते गुणाने वागलं. पण खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली थिजतं, आणि आमच्याकडे डिसेंबरच्या पहाटे पारा पार दहाच्या आसपास उतरतो. खोबरेल बाटलीत थिजतं हे मी साठ वर्षं बघत आलोय. तेच पिस्तुलातही थिजेल, हे कळायला कुकरवाला लागला. "म्हणजे माझं तेल तिथे जात होतं होय," बायको म्हणाली. पुढचे दोन दिवस घरात तेवढं एकच वाक्य झालं.

साफसफाईनंतर 22 बार.

त्या संध्याकाळी ओट्यावर बसून, उरलंसुरलं तेल वितळावं म्हणून पिस्तुलावर फुंकर घालत होतो, तेव्हा उगाच सेनापती बापट आठवले. याच मुळशीत 1921 साली टाटांच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांचा सत्याग्रह पेटला. बापट त्यात उतरले, आणि 1924 साली तर आगगाडी अडवायला पिस्तूल घेऊन रुळांवर उभे राहिले. सात वर्षं तुरुंगवास भोगला. शंभर वर्षांनी त्याच तालुक्यात मी तोंडाच्या वाफेने पिस्तूल शेकत होतो.

उलगडा झाला तो ताम्हिणीच्या रस्त्यावर एका चहाच्या टपरीत. आमचं रान बघणारे मामा बरोबर होते. टपरीवाल्याने गॅसची टाकी घमेल्यात उभी केली होती आणि घमेल्यात कोमट पाणी ओतत होता. टाकीच्या खालच्या अंगाला पांढरं दव धरलेलं.

"हे कशापायी?" मी माझ्या मते त्यांच्या भाषेत विचारलं.

मामा शुद्ध तुच्छतेने म्हणाले, "सायेब, आतलं पातळ उकळून वाफ व्हती. तिला ऊब नगं? मोठी शेगडी लई येळ चालली की टाकी गारठती. मग जाळ बसतो."

चहा निवला. माझ्या नळकांड्यातही पातळच वायू होता. 30 अंशांना त्याचा दाब हवेच्या सुमारे 70 पट असतो, 10 अंशांना जेमतेम 45 पट. त्यात मी सिनेमातल्यासारखे सटासट दहा बार काढायचो. दर बाराला पातळाची वाफ होताना नळकांडं आणखी गार. मूठ बर्फासारखी लागायची, आणि मला वाटायचं, आपल्यालाच थंडी वाजतेय.

विस्तवाजवळ किंवा कडक उन्हात नळकांडं ठेवणं म्हणजे फुटण्याला आमंत्रण. अंगाची ऊब तेवढी बिनधोक. म्हणून दुसऱ्या दिवशी मी स्वेटरच्या आत, काखेत नळकांडं धरून अर्धा तास ओट्यावर बसलो. गावाला वळसा आधीच घालून झाला होता. फाटकाशी आलेल्या पाहुण्यांना बायकोने सांगितलं, "ताप बघताहेत."

मग पिस्तूल भरलं. एक बार, सावकाश वीस आकडे, मग दुसरा. वीस अंकांच्या त्या धीरामुळे सगळी शान गेली, पण बार मोजता मोजता 39 झाले! वहीत तारीख टाकली, खाली दोन रेघा ओढल्या आणि मामांना हाक मारली.

मामांनी वही पाहिली. मग पंधरा पावलांवर दगडावर ठेवलेल्या तुपाच्या रिकाम्या डब्याकडे पाहिलं. "यातल्या लागल्या किती?"

त्या रकान्याची सोय मी वहीत केलेलीच नव्हती. मे महिन्यापासून.

मामा डब्यापाशी गेले. उचलला, उन्हाकडे धरून आत बघितलं, बोटाने सगळीकडून चाचपला.

"बरं झालं," ते म्हणाले, "भोक न्हाई कुठं. बियाणं ठेवाया नेतो."