वाघाला कळवलंय का?

आमच्या सोसायटीत गेल्या बावीस वर्षांत दोनच गोष्टींवर एकमत झालंय. एक, पाणी कमी येतं. दोन, ते शेजारच्या विंगला जास्त जातं. त्यामुळे कोजागिरीच्या रात्री, मसाला दुधाच्या दुसऱ्या ग्लासावर, कुणीतरी ‘आपण सगळे मिळून ताडोबाला जाऊ या का?’ म्हणालं आणि एका दमात एकोणीस हात वर गेले, तेव्हा सचिव या नात्याने माझ्या पोटात गोळाच आला. एकमताची आम्हाला सवय नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ‘मिशन वाघ’ नावाचा ग्रुप निघाला. पहिल्या आठवड्यात त्यावर सुप्रभात, नागलीच्या पापडांची ऑर्डर, एक हरवलेलं हेल्मेट आणि वाघाचे चौदा व्हिडिओ आले. त्यातले नऊ सिंहाचे होते.

महिना मे ठरला. मुलांना सुट्टी असते आणि उन्हाळ्यात वाघ पाणवठ्यावर येतो. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हे मी नम्रपणे सांगून पाहिलं. ‘कोरडी हवा असते हो, जाणवत नाही,’ खजिनदार म्हणाले. खजिनदारांना पुण्यात ३६ अंशांना चक्कर येते.

वार ठरवताना पहिला अपघात झाला. शनिवार-रविवारी सफारीचे दर जास्त, म्हणून सोमवारी रात्री पोचायचं आणि मंगळवारी पहाटे जंगलात, असा अध्यक्षांनी खल करून बेत आखला. मंगळवारी ताडोबाचं कोअर बंद असतं, हे कळल्यावर सभेत सन्नाटा पसरला. ‘वाघाला साप्ताहिक सुट्टी?’ निवृत्त बँक अधिकारी कडाडले. सेवेत असताना दुसरा शनिवार त्यांनी कधी सोडला नव्हता. ‘मंगळवारचा उपास असेल त्याचा,’ दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या आणि तिथल्या रिसॉर्टवर साबुदाणा मिळतो का, या विषयावर पाऊण तास गेला. अखेर बुधवार ठरला.

मग रेल्वे आधी की सफारी आधी? रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि उघडता उघडता संपतं. उन्हाळ्यातल्या सफारी त्याच्याही आधी भरतात. सफारी काढली आणि नागपूरचं तिकीट मिळालं नाही, तर वाघ थांबणार नाही. तिकीट मिळालं आणि सफारी नसली, तर एकोणीस जणांनी नागपूरला जाऊन सावजी खायचं आणि परत यायचं. यातल्या सात जणांना दुसरा पर्याय मनातून जास्त आवडला होता, हे मला नंतर कळलं.

आपण कुठे चाललोय याची थोडी माहिती द्यावी, म्हणून मी एका बैठकीत पाच मिनिटं मागून घेतली. ताडोबा हे राष्ट्रीय उद्यान १९५५चं, म्हणजे महाराष्ट्र राज्याहूनही पाच वर्षांनी थोरलं. पुढे अंधारी अभयारण्य जोडून व्याघ्र प्रकल्प झाला. ताडोबा हे नाव तारू या गोंड पुढाऱ्यावरून आलं असं तिथले लोक सांगतात. तारूची वाघाशी झुंज झाली, त्यात तो गेला, आणि तलावाकाठी त्याचं देवस्थान झालं.

‘म्हणजे वाघ दिसतो तर!’ अध्यक्ष उत्साहाने म्हणाले. ‘त्या माणसाला तर विनाबुकिंग दिसला.’

माझी उरलेली तीन मिनिटं मी परत केली.

खजिनदारांनी मात्र अभ्यास केला होता. २०२२च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ. ताडोबाचं कोअर सव्वासहाशे चौरस किलोमीटरचं, पण पर्यटकांना त्यातला फार तर २० टक्के भाग खुला. ‘आणि वाघ कुठल्या भागात बसायचे, ते कोण ठरवतं?’ बी विंगच्या काकांनी विचारलं. ‘तेच ठरवतात,’ मी म्हणालो. ‘अहो, मग आपण पैसे कशाचे भरतोय?’ काकांचा प्रश्न बिनतोड होता. शेवटी खजिनदारांनी दरडोई खर्चाला वाघाच्या शक्यतेने भागलं, आलेला आकडा कुणालाही न दाखवता खोडला आणि वहीची घडी खिशात घातली.

खरा पेच जिप्सीने टाकला. एका जिप्सीत पर्यटक सहा. गाइड आणि ड्रायव्हर वेगळे. तीन जिप्सी म्हणजे अठरा, आम्ही एकोणीस. एकासाठी चौथी गाडी घ्यायची तर तिचं पूर्ण भाडं. आता मराठी माणसाच्या सौजन्याची परीक्षा सुरू झाली. ‘मी राहतो ना मागे, माझं काय!’ असं एकूण अकरा जण म्हणाले, आणि ‘बरं, मग तुम्ही राहता का?’ असं विचारल्यावर अकराही जणांना एकाच वेळी फोन आले. पुढचे पंधरा दिवस ‘कुणाची तरी रजा नामंजूर होऊ दे’ अशी सामुदायिक प्रार्थना मनातल्या मनात चालू होती. अखेर सी विंगच्या जावईबापूंच्या साहेबांनी ती ऐकली. जावईबापूंना सगळ्यांनी इतकी कळकळीची सहानुभूती दाखवली की त्यांना संशय आला.

बुकिंगला प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं, त्यावरचं नाव आणि वय लागतं. बी विंगचे काका गेली नऊ वर्षं अठ्ठावन्नचे आहेत. त्यांनी आधार कार्डाची प्रत बंद पाकिटात दिली आणि ‘फक्त वनखात्यासाठी’ असं वर लिहिलं.

मग सूचना वाचून दाखवायची वेळ आली. गाडीतून उतरायचं नाही. मोठ्याने बोलायचं नाही. ‘मध्ये कुठे सोय आहे का?’ असा एक ज्येष्ठ, दबका आणि अत्यंत प्रामाणिक प्रश्न आला. ठरावीक जागीच आहे, म्हटल्यावर सहा जणांनी पहाटेचा चहा रद्द केला. भडक कपडे घालायचे नाहीत, हे वाचेपर्यंत तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी केशरी-काळ्या पट्ट्यांचे एकोणीस टी-शर्ट छापून आणले होते. ‘हरणाला केशरी रंग हिरव्यातून वेगळा काढता येत नाही. वाघ म्हणूनच त्याच्यापासून लपतो,’ त्या ठामपणे म्हणाल्या. हे अगदी खरं आहे. फक्त आम्ही हरणांपासून का लपायचं, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, आणि टी-शर्ट परत घेत नाहीत.

शेवटची सूचना मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. कोअरमध्ये मोबाईल नेता येत नाही. गेटवरच ठेवायचा. कॅमेरा चालतो.

अशी शांतता मी सोसायटीत फक्त लिफ्ट बंद पडल्यावर ऐकली आहे.

‘मग जायचं कशाला?’ एक तरुण आवाज आला. प्रश्न उर्मट नव्हता, खरोखरचा होता. एवढ्या लांब जाऊन बघायचं, आणि फक्त बघायचं? कुणाला लगेच दाखवायचंही नाही? निम्मी सभा परतीच्या वाटेवर असताना ए विंगमधल्या फोटोग्राफरने, म्हणजे ज्याच्याकडे कॅमेरा आहे त्याने, सगळ्यांचे फोटो काढण्याचं वचन दिलं आणि सहल वाचली.

सगळं उरकल्यावर कोपऱ्यातले चौऱ्याऐंशी वर्षांचे आजोबा, जे सहलीला येणारच नव्हते, म्हणाले, ‘छान. सगळं ठरलं. वाघाला कळवलंय का?’

सगळे हसले. अध्यक्ष हसत हसत मला म्हणाले, ‘लिहून घ्या, सचिव बघतील.’ मी इतिवृत्त शब्दशः लिहितो, म्हणून तेही लिहिलं. विषय क्रमांक सात : वाघास कळविणे. जबाबदारी : सचिव.

पहाटे मोहर्ली गेटवर तीन जिप्सी एकामागे एक उभ्या राहिल्या, आणि आत शिरताच तीन रस्त्यांना लागल्या. सात महिने एकत्र जाण्यासाठी भांडलेला ग्रुप पाच मिनिटांत तीन दिशांना गेला. फोटोग्राफर दुसऱ्या गाडीत, मी तिसऱ्या.

आमची गाइड जवळच्याच गावातली, पंचविशीची मुलगी होती. तिने ऐनाची झाडं दाखवली. साल अगदी मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. एका वळणावर तिने हात वर केला, गाडी थांबली. ‘कॉल आहे,’ ती कुजबुजली. ‘मोबाईल तर जमा केले ना?’ बी विंगचे काका दचकले. कॉल चितळाचा होता. वाघ जवळ असला की चितळ असं ओरडतं, वानर झाडावरून खाकरतं. आम्ही वीस मिनिटं श्वास रोखून बसलो. चितळाने मग काहीच झालं नसल्यासारखं गवत खाल्लं.

पुढे रानकुत्र्यांचा कळप रस्ता ओलांडून गेला. लालसर अंग, काळी झुबकेदार शेपटी, पाच-सहा जण, एकही आवाज नाही. धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत हे वाघाच्याच रांगेत आहेत, असं गाइड सांगत होती. ‘कुत्री बघायला पुण्याहून आलो का?’ काका म्हणाले. ‘आपल्या गेटवर आठ आहेत.’

पाणवठ्यावर अर्धा तास थांबून आम्ही त्याच वाटेने मागे फिरलो. गाइडने पुन्हा हात वर केला. धुळीत पंजा उमटला होता. पसाभर मोठा, चार बोटं आणि मागे गादी, कडा अजून ढासळल्या नव्हत्या. ‘बघा, टायरच्या नक्षीवर पंजा आहे,’ ती म्हणाली. ‘म्हणजे गाडी आधी गेली, तो नंतर आला. हे टायर आपलंच आहे जी.’

‘मग आता तो कुठाय?’ मागून तिघांनी एकदम विचारलं.

गेट जवळ आलं तेव्हा गाडीत सुतक होतं. वहिनी हळहळून गाइडला म्हणाल्या, ‘तुमचं बरंय बाई. तुम्हाला रोज दिसत असेल.’

‘इथं ड्युटीवर दिसला तर बरं वाटते,’ ती म्हणाली. ‘पण मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला गावातल्या बाया पहाटे पायीच जंगलात जातात जी. तेव्हा नाही दिसला, तर घरी येऊन बरं म्हणतो.’

काकांना काहीतरी म्हणायचं होतं. त्यांनी ते म्हटलं नाही. बावीस वर्षांत प्रथमच.

गेटवर पहिली जिप्सी आधीच येऊन उभी होती, आणि तिच्यातले सहाही जण एकाच वेळी बोलत होते. त्यांना वाघ दिसला होता. अध्यक्षांच्या मते तो नर होता, खजिनदारांच्या मते मादी. एकाच्या मते तो बसला होता, एकाच्या मते निघाला होता. काकूंच्या मते त्याने त्यांच्याकडे बघितलं होतं. किती वेळ दिसला? चाळीस सेकंदांपासून वीस मिनिटांपर्यंत. फोटो? कॅमेरा दुसऱ्या गाडीत होता, आणि त्यात दोनशे अकरा मोर होते.

तेव्हापासून आमच्या सोसायटीत विंगा उरल्या नाहीत. दिसलेले आणि न दिसलेले, असे दोनच गट आहेत. दिसलेले लिफ्टमध्ये आधी शिरतात. न दिसलेल्यांचा ठाम आरोप आहे की पुराव्याअभावी वाघ ग्राह्य धरता येत नाही आणि तीन गाड्यांचं भाडं समसमान असेल तर वाघही समसमान वाटला जायला हवा होता. निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी फरकाची रक्कम मेन्टेनन्समध्ये वळती करावी, असा लेखी अर्ज दिलाय. दिसलेल्यांनी त्यावर उत्तर दिलंय की वाघ आमच्या वैयक्तिक नशिबातून दिसला, त्यात सोसायटीचा संबंध नाही.

गेल्या रविवारच्या सभेत जुनी वही बाहेर निघाली. विषय क्रमांक सात. वाघास कळविण्याचं काम सचिवांनी केलं होतं की नाही, याचा खुलासा न दिसलेल्यांनी मागितला. दिसलेल्यांनी अनुमोदन दिलं. सोसायटीच्या इतिहासातलं हे चौथं एकमत.

मी रात्री बसून खुलासा लिहिला. ‘विषय क्र. ७ संदर्भात कळविण्यात येते की, वाघाशी संपर्क झाला होता. जिप्सी क्रमांक तीनमधील सदस्य नियोजित मार्गावरून पुढे जाईपर्यंत संबंधिताने वाट पाहिली, व ते गेल्याची खात्री झाल्यावर त्याच जागी हजर राहून पंजा उमटवला. हजेरीपटावर इतकी स्पष्ट सही आपल्या एकाही सदस्याची नाही.’