बारदान वजा जाता

आयव्हरी कोस्टमधल्या आबीजान शहरातल्या प्रत्येक माकीत एक तोंतों असतो. माकी म्हणजे पत्र्याच्या छपराखाली प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून, कोळशावर मासे आणि कोंबड्या भाजणारी खानावळ. तोंतों म्हणजे काका. कुणाचाच सख्खा काका नसल्यामुळे तो सगळ्यांचा असतो आणि त्याच्या बिअरचे पैसेही सगळ्यांनी मिळून द्यायचे असतात. माकीत टीव्ही असतो. सामना लागला की बाकीचे टीव्हीकडे तोंड करून बसतात आणि तोंतों टीव्हीकडे पाठ करून बसतो. सामना बघायला इतकी माणसं आहेत, त्याचं काम तो समजावून सांगण्याचं आहे. गोल झाला हे त्याला समोरच्यांच्या चेहऱ्यावरून कळतं आणि कुणी केला हे विचारायच्या आधी तो का झाला हे सांगून मोकळा होतो.

आमचा तोंतों योपूगों भागातला. सगळी हयात बंदरात वजनकाट्यावर कारकून म्हणून काढलेली. माझी त्याची ओळख धंद्यातून झाली. आपल्याकडे सिंधुदुर्गात आणि चंदगड-आजऱ्याकडे कारखान्यांत फुटणारी काजू बी पुष्कळदा आफ्रिकेतून आलेली असते, आणि ती इथून भरून पाठवणं हे माझं काम. भरलेली गाडी काट्यावर चढते, मग रिकामी चढते, मग पोत्यांचं वजन वजा होतं, मग ओल किती यावरून वाद होतो. तोंतोंनं या कामातून निवृत्ती घेतली, पण काम काही त्याच्यातून निवृत्त झालं नाही. जगातली कुठलीही गोष्ट तो तीन आकड्यांत मांडतो: ढोबळ, बारदान, निव्वळ.

फुटबॉलमधला आफ्रिकेचा करंडक कोण जिंकतो, याचं त्याचं उत्तर याच तीन आकड्यांत आहे. संघातले खेळाडू युरोपातल्या कुठल्या क्लबात खेळतात, ते ढोबळ वजन. मग बारदान. त्यात विमानात फुकट बसलेले फेडरेशनचे पाहुणे येतात, मंत्र्याचा भाचा येतो, एजंट येतात, कर्णधाराच्या पट्टीवरचा रुसवा येतो आणि बोनस येतो. बोनसवर तो फार वेळ रेंगाळतो. 2014 च्या विश्वचषकात घानाचे खेळाडू पैशासाठी हटून बसल्यावर सरकारला विमान भरून रोकड ब्राझीलला पाठवावी लागली होती. ती तीस लाख डॉलरची रोकड तोंतों अशी सांगतो जणू काट्यावर त्यानंच घेतली होती. "हे सगळं वजा कर. उरेल ते मैदानावर उतरतं."

सिद्धान्त वाईट नाही. इजिप्तला तर तो तंतोतंत लागू पडतो. 2006, 2008 आणि 2010 असे लागोपाठ तीन करंडक इजिप्तनं नेले. प्रशिक्षक हसन शेहाता घरचाच आणि खेळाडू बहुतेक कैरोच्या अल अहली आणि झमालेक या दोन क्लबांतले. वर्षभर एकमेकांविरुद्ध नाही तर एकमेकांबरोबर खेळणारी ती माणसं होती. अबूत्रिका कुठे पळणार हे पास देणाऱ्याला मान न वळवता ठाऊक असायचं. 2010 च्या विश्वचषकाला हा संघ पात्रसुद्धा ठरला नव्हता. "ढोबळ कमी, पण बारदान जवळजवळ शून्य," तोंतों म्हणतो. इजिप्तचं कौतुक करताना त्याचा आवाज उतरतो, कारण त्या तीनपैकी पहिल्या करंडकाला 2006 साली कैरोत पेनल्टीवर हरलेला संघ आयव्हरी कोस्टचा होता. दोन वर्षांनी कुमासीत उपांत्य सामन्यात इजिप्तनंच 4-1 असं पुन्हा झोडपलं.

आणि संघ तरी कोणता! द्रोग्बा, याया तूरे, कोलो तूरे, झोकोरा, एबुए, कालू. यांतले निम्म्याहून अधिक एकाच शाळेतले. जाँ-मार्क गियू या फ्रेंच माणसानं नव्वदच्या दशकात आसेक मिमोझा क्लबाच्या सोल बेनी मैदानावर मुलांची अकादमी उघडली, तिथले. 1999 साली आसेकनं या पोरांना उतरवून आफ्रिकेचा सुपर कप ट्युनिसच्या एस्पेरान्सकडून हिसकावून घेतला होता. म्हणजे लहानपणापासून एकत्र वाढलेली, एकमेकांचे पाय ओळखणारी ही मुलं. इजिप्तचं जे बळ, तेच यांचंही. तरी ते हरत राहिले. इथे सिद्धान्ताची गाडी काट्यावरून घसरते, असं मला वाटतं. तोंतोंला तसं वाटत नाही. "बारदान," एवढंच तो म्हणतो आणि 'द्रोग्बा' मागवतो. आबीजानमध्ये एक लिटरच्या बिअरच्या बाटलीला द्रोग्बा म्हणतात. द्रोग्बावर टीका करताना तोंतोंच्या हातात नेहमी एक द्रोग्बा असतो.

2012 बद्दल मात्र तो बोलायला तयार नसतो. लिब्रव्हीलमध्ये अंतिम सामना, समोर झांबिया. त्या संपूर्ण स्पर्धेत आयव्हरी कोस्टवर एकही गोल झाला नव्हता. त्या सामन्यातही झाला नाही. द्रोग्बानं पेनल्टी बारवरून आकाशात मारली, मग शूटआउट 8-7 असं झांबियानं जिंकलं. गोल न खाता करंडक हरण्याची ही विद्या कुठल्या रकान्यात लिहायची, हे वजनकाट्याच्या वहीत नाही.

मग 2015 आलं. द्रोग्बा आदल्या वर्षी राष्ट्रीय संघातून निवृत्त झालेला. झांबियाला जिंकून देणारा पांढऱ्या शर्टातला प्रशिक्षक एर्व्हे रेनार आता आपल्या बाजूला. पहिले दोन्ही सामने बरोबरीत सुटले, पण बाटामध्ये अंतिम फेरीत घानाला पेनल्टीवर 9-8 नमवलं. मुख्य गोलरक्षक जखमी म्हणून उतरलेल्या बुबाकार बारीनं शेवटची पेनल्टी अडवली आणि निर्णायक पेनल्टी स्वतःच मारली.

"बघ," तोंतों म्हणाला, "बारदान उतरल्याबरोबर जिंकलो."

माकीत शांतता पसरली. कोपऱ्यातल्या टेबलावरून कुणीतरी सावकाश उठलं. "म्हणजे द्रोग्बा बारदान?"

आयव्हरी कोस्टमध्ये काय वाटेल ते बोलावं. 2005 साली संघ विश्वचषकाला पात्र ठरल्यावर ज्यानं ड्रेसिंगरूममध्ये गुडघे टेकून देशाला शस्त्रं खाली ठेवण्याची विनंती केली, त्याला बारदान म्हणू नये. तोंतोंला हे उठलेल्या माणसाच्या दंडांकडे बघून आठवलं. "मी पोत्याबद्दल बोललो. मालाबद्दल अवाक्षर काढलं का?" असं म्हणून त्यानं त्या टेबलाकडे एक द्रोग्बा पाठवला. माझ्या खात्यावर.

मंत्रतंत्रावर तोंतोंचा विश्वास नाही. तो सरकारी नोकर होता, ख्रिस्ती आहे आणि आधुनिक आहे. फक्त हिशेब म्हणून तो सांगतो की 1992 साली डाकारमध्ये घानाला पेनल्टीवर 11-10 हरवून आपण पहिला करंडक आणला, तेव्हा आक्राद्यो गावच्या मांत्रिकांना कबूल केलेली दक्षिणा दिली गेली नाही. त्यांनी शाप दिला असं लोक म्हणत. पुढे इतक्या वाईट स्पर्धा गेल्या की 2000 साली पहिल्याच फेरीत हरून परतलेल्या संघाला जनरल गेईच्या लष्करी सरकारनं विमानतळावरून थेट लष्करी तळावर नेऊन काही दिवस डांबलं. (तोंतों याला 'सराव शिबिर' म्हणतो.) 2002 मध्येही पहिल्या फेरीतच घरी. शेवटी त्याच वर्षी संरक्षणमंत्री स्वतः त्या गावी गेले आणि माफी मागून दोन हजार डॉलर आणि दारूची एक बाटली देऊन आले. संरक्षणमंत्रीच का, असा प्रश्न मला पडला होता, पण तो गोलकीपरचा वरिष्ठ समजावा.

"दहा वर्षांचं व्याज धरलं तर दोन हजार कमीच," तोंतों म्हणाला.

माकीची मालकीण तांती केळ्याचे काप, म्हणजे अलोको, तळता तळता इतका वेळ ऐकत होती. माकीत तोंतोंला प्रश्न विचारण्याचा अधिकार फक्त तिला आहे, कारण उधारीची वही तिच्याकडे आहे. "पैसे 2002 ला पोचले, करंडक 2015 ला आला. मधली तेरा वर्षं काय चाललं होतं?"

"सरकारी काम," तोंतों म्हणाला. या उत्तरावर नाशिक काय आणि आबीजान काय, कुणालाच पुढे काही बोलता येत नाही.

2024 च्या जानेवारीत स्पर्धा घरीच आली. तोंतोंनं पहिल्या सामन्याआधी वजन जाहीर केलं: ढोबळ उत्तम, बारदान मध्यम, मैदान घरचं, निव्वळ करंडक. गिनी-बिसाऊला 2-0 हरवलं. नायजेरियाकडून 1-0 हरले. "ओल," तोंतों म्हणाला. मग एबिंपेच्या साठ हजारांच्या मैदानावर इक्वेटोरियल गिनी आली. त्यांचा एक गोल झाला, मग दुसरा, मग तिसरा. चौथ्याला तोंतोंनं जे केलं ते योपूगोंमध्ये आजही सांगतात. त्यानं खुर्ची फिरवली आणि टीव्हीकडे बघितलं.

घरच्या मैदानावर 0-4. दोन दिवसांत प्रशिक्षक जाँ-लुई गासे पायउतार झाले. फेडरेशननं फ्रान्सच्या महिला संघाचा प्रशिक्षक झालेल्या रेनारला उरलेल्या स्पर्धेपुरता उसना मागितला. शेजारणीकडे कढई मागावी तसा मागितला, आणि फ्रेंचांनी दिला नाही. मग गासेंचा सहाय्यक एमेर्स फाए याला उभा केला. वरिष्ठ संघ चालवण्याचा अनुभव शून्य. 2006 मध्ये कैरोत हरलेल्या चमूत मात्र तो होता, एवढंच. संघ अजून स्पर्धेत आहे की नाही हेही ठरलं नव्हतं. सहा गटांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या संघांपैकी चार पुढे जातात, आणि आपण त्या चारांत येणार का हे मोरोक्को झांबियाला हरवतो का यावर होतं.

त्या संध्याकाळी तोंतों मोरोक्कोचा लाल शर्ट घालून आला. मोरोक्कोबद्दल आदल्या आठवड्यापर्यंतची त्याची मतं मी इथे लिहीत नाही. झियेशनं गोल केला, 1-0, आणि आयव्हरी कोस्ट चौथ्या, शेवटच्या फटीतून आत सरकलं. पूर्वीसारखे सोळाच संघ असते तर हे लोक त्या रात्री घरी जाऊन झोपले असते. स्पर्धा 2019 पासून चोवीस संघांची झाली नसती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. एवढी साधी गोष्ट तोंतोंच्या कुठल्याच रकान्यात नव्हती, आणि माझ्या मते या करंडकाचं निम्मं श्रेय तिलाच आहे.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगण्याचा मोह होतो. गतविजेता सेनेगल चौथ्या मिनिटाला पुढे गेला, केसिएनं 86 व्या मिनिटाला पेनल्टीवर बरोबरी केली आणि शूटआउट जिंकलं. बुआकेत मालीविरुद्ध मध्यंतराआधीच एक खेळाडू बाहेर, त्यात एका गोलची पिछाडी. नव्वदाव्या मिनिटाला अदिंग्रानं बरोबरी केली आणि जादा वेळ संपताना दियाकितेनं टाचेनं चेंडू आत ढकलला. आनंदात त्यानं शर्ट काढला, दुसरं पिवळं कार्ड घेतलं आणि तोही बाहेर गेला. मग काँगोला हॅलरच्या गोलवर 1-0. अंतिम सामन्यात नायजेरिया पुढे असताना केसिए आणि पुन्हा हॅलर, दोन्ही पास अदिंग्राचे, 2-1. हा हॅलर दीड वर्षापूर्वी कर्करोगाच्या उपचारांत होता. तो आणि अदिंग्रा, दोघेही गटातल्या सामन्यांत दुखापतीमुळे बाहेर होते. कोण कधी बरा होतो यालाही स्पर्धा जिंकणं म्हणतात, पण हे माकीत मोठ्यानं बोलायची सोय नाही.

अकरा फेब्रुवारीच्या रात्री तोंतोंला विचारायची गरजच नव्हती. तो खुर्चीवर उभा राहून सांगत होता. बारदान इतकं साचलं होतं की एका झटक्यात उतरवायला 0-4 चाच धक्का हवा होता, आणि तो जाणूनबुजून घेतला गेला. "इक्वेटोरियल गिनीला एक पदक द्यायला हवं," असंही त्यानं सुचवलं. मोरोक्कोला त्यानं आधीच दिलं होतं, शर्ट अजून अंगातच होता.

मला राहवलं नाही. काजूच्या वहीच्या मागच्या पानावर मी आकडे मांडले आणि त्याच्यापुढे धरले. 1992, 2006, 2012, 2015. आयव्हरी कोस्टनं याआधी चार अंतिम सामने खेळले, चारही पेनल्टीपर्यंत गेले. प्रत्येकी 120 मिनिटं, एकूण 480. आठ तासांत दोन्ही बाजूंनी मिळून गोल शून्य. त्यांतले दोन जिंकले, दोन हरले. "तोंतों, अकादमी होती तरी शून्य, नव्हती तरी शून्य. द्रोग्बा होता तरी शून्य, नव्हता तरी शून्य. मग तुम्ही इतकी वर्षं तोलत काय होता?"

तोंतोंनं चष्मा लावला. बेरीज दोनदा तपासली. वजनकाट्यावर ट्रकवाल्याची पावती तपासावी तशीच, बोट खालून वर नेत. मग वही मला परत दिली.

"गाडी चढवण्याआधी काटा किती दाखवायला हवा?" त्यानं विचारलं.

"शून्य."

"मग काटा बरोबरच होता," तो म्हणाला, आणि तांतीला हाक मारून दोन द्रोग्बा सांगितले. एक त्याला आणि एक, माझ्याच खात्यावर, मला.