स्वल्प राहिलंय

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात मिस्त्रींची पत्र्याची खोली आहे. पाटी नाही. गल्लीत चौकशी केली की उलटा प्रश्न येतो, "कुठले मिस्त्री? मोटारीचे का पिपाणीचे?" आपल्याला पिपाणीचे हवे असतात, पण तो शब्द आत गेल्यावर काढायचा नाही. मी काढला होता. "पिपाणी गड्ड्याच्या जत्रंत मिळती, मालक," मिस्त्री म्हणाले, "पोरं दोन दिवस वाजवत्यात आन् तिसऱ्या दिवशी आई चुलीत घालती. हे क्लॅरोनेट हाय."

माझ्या हातात थोरल्या मामांचं क्लॅरोनेट होतं. मामांनी लग्नाच्या बँडात ते पंचवीस वर्षं फुंकलं आणि पुढची वीस वर्षं ते माळ्यावर पडून होतं. मिस्त्रींनी त्याचे पाचही तुकडे वेगळे केले, एकेक दिव्यापुढे धरून आरपार पाहिला, हुंगला, आणि नातेवाइकाला बाजूला घेणाऱ्या डॉक्टरच्या आवाजात विचारलं, "याला आधी कुणी हात लावलाय?"

हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकत आलोय. नळवाला, शिंपी, दातांचे डॉक्टर, सगळ्यांची सुरुवात इथूनच. मी मान खाली घालून म्हणालो, मला कल्पना नाही. मिस्त्रींनी मग त्या अज्ञात इसमाची दहा मिनिटं यथास्थित पूजा बांधली. भोक कसं तिरकं पाडलंय, लाख कशी थापलीय, असल्या माणसाने खुशाल वखारीत लाकडं फोडावीत. बोलता बोलता त्यांनी कर्ण्याच्या आत बोट फिरवलं आणि एकदम गप्प झाले. आत खिळ्याने कोरलेली बारीक खूण होती. त्यांचीच.

"तवा मी शिकत होतो," ते म्हणाले आणि चहा मागवला.

शिकले ते कुठल्या शाळेत नव्हे. ते मूळचे कातारी. मागाच्या धोट्यात बसणाऱ्या लाकडी कांड्या कातायचे. पुढे प्लॅस्टिकच्या कांड्या आल्या, काम गेलं, लेथ राहिला. एका बँडवाल्याचा बॅरल, म्हणजे तोंडाखालचा तो पिंपासारखा तुकडा, उन्हाळ्यात तडकला. सोलापूरच्या मे महिन्यात माणसं तडकतात, तिथे लाकडाची काय कथा. मिस्त्रींनी शिसमाचा नवा कातून दिला. मग कुणाचा कर्णा, कुणाचा मधला भाग, असं करत करत एक दिवस अख्खं वाद्य उभं राहिलं.

आपल्या देशात बँडची वाद्यं म्हटलं की मेरठ. तिथल्या जली कोठीत गल्ल्याच्या गल्ल्या हेच काम करतात; नादिर अली यांची पेढी तर 1885 पासूनची. मिस्त्रींना मेरठबद्दल आदर आहे, पण तो मोठ्या सुनेला धाकट्या जावेबद्दल असतो तसा. "चांगलं करत्यात. पन सगळ्यास्नी एकच माप. बोटं काय कारखान्यात व्हत्यात का?" म्हणून त्यांच्याकडे गिऱ्हाईक आलं की आधी त्याचा पंजा वहीवर ठेवून पेन्सिलीने गिरवतात. मग दात बघतात. मग शीळ घालायला लावतात. शेवटी मावा खातो का हे विचारतात आणि 'नाही' या उत्तरावर विश्वास ठेवत नाहीत. त्या वहीत पूर्व भागातल्या निम्म्या वादकांचे पंजे आहेत. पोलिसांच्या हाती लागली तर मोठा घोटाळा होईल.

मापाचं त्यांचं एकच एकक आहे: स्वल्प. कानडी घरातून आलेला शब्द. क्लॅरोनेटच्या नळीचं आतलं भोक साधारण 15 मिलीमीटरचं, आणि त्यात केसाएवढा फरक पडला तरी सूर हलतो. बोटाखालचं भोक जरा मोठं केलं की सूर चढतो. जास्त झालं तर कडेला लाख भरून उतरवावा लागतो. मिस्त्री कानस दोनदा फिरवतात, फुंकतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "स्वल्प." चढवायचा की उतरवायचा हे त्यांचं त्यांना ठाऊक. माझ्या एका इंजिनियर मित्राने त्यांना व्हर्नियर भेट दिला. त्या व्हर्नियरने मिस्त्री पाकिटातले शेंगदाणे खाली पडू नयेत म्हणून पाकिटाचं तोंड आवळून ठेवतात.

आणि हा सूर मिळवायचा कशाशी? पेटीशी नाही, मोबाइलमधल्या यंत्राशी तर नाहीच. जुन्या गिरणीच्या भोंग्याशी. ही गिरणी 1877 ची. मिस्त्रींच्या लहानपणी तिच्या भोंग्यावर शहर उठायचं, जेवायचं आणि निजायचं. तो भोंगा त्यांच्या मते जगातला एकमेव शुद्ध षड्ज. गिरणी कधीच बंद पडली, त्यामुळे हा मुद्दा खोडून काढायला कुणी जिवंत साक्षीदार मिळत नाही. एका बँडमास्तरने एकदा म्हटलं की भोंगा थोडा खरखरायचा. त्याचं काम अडीच महिने लांबलं.

सनईवाले आले की मिस्त्रींना विशेष स्फुरण चढतं. सोलापूर तसं सुंदरीचं गाव. सनईहून लहान, उंच सुराचं हे वाद्य जाधव घराण्याने मैफलीत नेलं. मिस्त्री सुंदरीपुढे हात जोडतात आणि लगेच वाद घालतात. "सनई खाली रुंद व्हत जाती. जोरात फुंकलं का तोच सूर वरच्या सप्तकात. सोपं हाय. ह्याची नळी सरळसोट. हितं जोर लावला का सा चा थेट वरचा पंचम. मधले सूर कुठनं आणनार?" ते आणायला चाव्या लागतात. न्यूरेंबर्गच्या डेनर नावाच्या कारागिराने 1700 च्या आसपास एका साध्या बासरीवजा वाद्याला जादा चावी बसवली आणि क्लॅरोनेट जन्माला आलं. हे मी मिस्त्रींना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे त्यानं बी दुसऱ्याचंच उघडून बघितलं. आन् पयलं काय म्हनला आसंल? याला हात कुणी लावलाय?"

चाव्या जर्मन सिल्व्हरच्या. हा धातू बाजारात पत्र्याने मिळतो, पण मिस्त्रींना तो चमच्यांत दिसतो. घरातले जुने चमचे एकेक करून खोलीत आले. मावशींनी, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोने, तक्रार करणं आता सोडलंय. त्यांच्याकडे पोहे हाताने खातात. स्प्रिंगा म्हणजे शिवणाच्या सुया. तुकडे एकमेकांत घट्ट बसावेत म्हणून परदेशात बूच लावतात. इथे शेजारच्या मागावरचं सूत, मेण लावून. कुणाच्या मागावरचं सूत चांगलं आणि कोण भेसळ करतो हेही त्यांना त्यातून कळतं, आणि ते सगळ्या गल्लीला कळतं.

या माणसाची चेष्टा करताना एक गोष्ट मात्र डोळ्यांनी पाहिलेली आहे. मागावर काम करणारा एक पोरगा, रात्री बँडात वाजवायचा. यंत्रात त्याच्या अनामिकेचं पेर गेलं. त्या बोटाने भोक झाकेना, हवा फुसकन बाहेर. मेरठला काय लिहिणार? मिस्त्रींनी त्याचा पंजा पुन्हा गिरवला, चमच्याचा खोलगट भाग कापून ठोकून त्याची चपटी टोपी केली, आत मेंढीच्या कातड्याची गादी लाखेने चिकटवली आणि दांडी एवढी लांब आणली की उरलेल्या बोटाने दाबली जावी. सतरा वेळा लावली, सतरा वेळा काढली. पैसे विचारले तर म्हणाले, "चमचा तुझ्या मावशीचा हाय, तिला विचार." पोरगा आता नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथापुढे वाजवतो. अर्थात मधेच थांबवून मिस्त्री त्याच्या हातातून वाद्य घेतात. स्वल्प राहिलेलं असतं.

काम वेळेवर देणं हा त्यांना अपमान वाटतो. लग्नसराईत बँडवाले उंबऱ्यावर बसलेले, घोडा तिकडे नवरदेवाला घेऊन उभा, आणि आत मिस्त्री एका चावीखाली कागदाचा कपटा सरकवून हवा गळते का बघतायत. डॉल्बी आल्यापासून गर्दी कमी झाली. डॉल्बीबद्दल त्यांचं मत एवढंच, की ज्याला फुंकावं लागत नाही ते वाद्य नव्हे, उपकरण.

लाकडाचं त्यांना वेड आहे. चांगली क्लॅरोनेटं आफ्रिकेतल्या काळ्या लाकडाची करतात, टांझानिया-मोझांबिककडच्या. ते इतकं जड की पाण्यात बुडतं. मिस्त्रींकडे कुठल्याशा फुटक्या फ्रेंच वाद्याचा एक तुकडा आहे. नवा माणूस आला की तो बादलीत टाकून बुडवून दाखवतात आणि मग कोपरापर्यंत हात घालून शोधत बसतात. त्यांचं स्वतःचं काम मात्र शिसमावर, तेही जुन्या फर्निचरच्या, कारण त्यातलं पाणी कधीच आटलेलं असतं. ते कुणाच्या घरी गेले की माणसांआधी खुर्च्यांची चौकशी करतात.

आमच्याकडे एकदाच आले. चहा घेता घेता त्यांनी आजोबांच्या पलंगाचा पाय बोटाने वाजवला. पुन्हा वाजवला. कान लावला. "ह्यात मामांच्या क्लॅरोनेटचा बॅरल हाय," म्हणाले, "आन् कर्णा बी बसंल." बायको स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत मी हो म्हणून बसलो होतो.

याला परवाच्या संक्रांतीला चार वर्षं झाली. बॅरल झालाय, कर्णा स्वल्प राहिलाय, आणि आमचा पलंग एका बाजूला तीन विटांवर उभा आहे.