ताईंच्या हाती टेस्टर
आयटीआयचा दोन वर्षांचा वीजतंत्री अभ्यासक्रम मुलींनाही खुला आहे. तरी समाजाला त्यांच्या जिवाची काळजी वाटते, हे कौतुकास्पदच. मुळात घरातली वीज सोज्वळ असते. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून टेप गुंडाळलेल्या वायरचा मिक्सर लावणाऱ्या, बादलीत हीटरचा रॉड सोडणाऱ्या बाईला ती काही करत नाही. तेच 230 व्होल्ट फ्यूजपेटीत शिरले, की बाईच्या हाती टेस्टर पाहून खवळतात. सबब शासनाने राज्यातल्या सर्व फ्यूजपेट्या ओट्याशेजारी हलवाव्यात. म्हणजे वीजतंत्रीचं काम आपोआप महिलांसाठी योग्य ठरेल.

तोवर सत्कार आहेतच. परवा महिला वीजतंत्रींना शाल-श्रीफळ देतानाच सभागृहातली लाइट गेली. "कुणी वायरमन आहे का हो?" अध्यक्षांनी अंधारात हाक दिली. एका सत्कारमूर्तीने नारळ खुर्चीवर ठेवला, मोबाइलच्या उजेडात पडलेला एमसीबी शोधला, स्टेजवरच्या पंख्याची जळकी वायर सोडवली आणि खटका वर केला. टाळ्यांचा कडकडाट झाला. आभारप्रदर्शनात वीज मंडळाच्या तत्परतेचा खास उल्लेख करण्यात आला.