जुनी पुस्तके वाचण्याची सोपी कृती
(येरमाळा व पंचक्रोशीतील नवशिक्यांसाठी)

सुरुवातीलाच खुलासा केलेला बरा. हे मार्गदर्शन केवळ मौजेसाठी वाचणाऱ्यांना आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी, पीएच.डी.वाल्यांनी आणि शाळेच्या भिंतीवर वाचनाची घोषवाक्ये रंगवून घेणाऱ्यांनी इथेच थांबले तरी चालेल.

साहित्य : जाड कापडी पिशवी, एक फडके, डिंकाची बाटली, सुटे पैसे आणि घरातून निघताना सांगायचे एक कारण. 'बार्शीला मोटारीचा पार्ट बघून येतो' हे कारण चालून जाते, पण फार वापरू नये. पार्ट कुठे आहे, असे कोणीतरी विचारतेच.

माल कोठे मिळतो

येरमाळ्याला सोलापूर-धुळे महामार्ग आणि बार्शी-कळंब रस्ता एकमेकांना छेदतात. म्हणजे पुस्तक शोधायला कोणत्याही दिशेने निघाले तरी वाट चुकत नाही. जुनी पुस्तके पुस्तकांच्या दुकानात नसतात, रद्दीच्या दुकानात असतात. तिथे ती दहावीच्या गाइडांखाली, पत्रिकांच्या गठ्ठ्यात, सुतळीने बांधून पडलेली असतात. साहित्य संमेलन १९८० साली बार्शीला भरले होते, ग. बा. सरदार अध्यक्ष होते. त्या वेळी हौसेने घेतलेली पुस्तके आता वारसांच्या हातून बाहेर पडत असणार, असा माझा हिशेब आहे. जानेवारी २०२० मध्ये ९३वे संमेलन आपल्या जिल्ह्याच्या गावी झाले. तिथली खरेदी मात्र अजून काचेच्या कपाटांत आहे. तिच्यासाठी धीर धरावा लागेल.

ढिगापुढे बसल्यावर नवशिके घोळ घालतात. हे बघू की ते, याची आवृत्ती कोणती, कव्हर फाटलेय का. असे करू नये. चैत्री पौर्णिमेच्या येडेश्वरीच्या यात्रेत लाखो भाविक चुनखडीचे खडे वेचतात. त्यात कोणी हा खडा देखणा, तो बेढब असे करत बसत नाही. हाताला आला तो आपला. ढिगाशी तसेच वागावे.

भाव

हा पाठ नीट शिका. खाली दिलेला संवाद पाठ केला तरी चालेल.

"मामा, ह्याचं काय घेणार?"

"काय करणार नेऊन?"

"वाचणार."

"मग पन्नास द्या."

"आन् दुकानात पुड्या बांधायला नेलं तर?"

"मग काट्यावर घाला की."

तात्पर्य, वाचणार असे कधीही बोलू नये. पुडीचा भाव हाच पुस्तकाचा खरा भाव. छापील किंमत अडीच रुपये आहे, हे दाखवून वाद घालू नये. मामा ती शांतपणे वाचतात आणि म्हणतात, जुनं आहे, म्हणूनच महाग.

तपासणी

पुस्तक बहुधा सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापतात. शिवण सुटली की एखाददुसरे पान जात नाही, अख्खा फर्माच जातो. सोळाव्या पानानंतर एकदम तेहतिसावे आले, तर नायिकेचे लग्न मधल्या मधे होऊन गेले असे समजावे. कसर लागली असेल तर पुस्तक उन्हाला ठेवावे. आपल्याकडचे चैत्राचे ऊन एका दुपारीत काम करते, फक्त पुठ्ठाही वाकवते. ग्रंथालयाचा शिक्का असेल आणि त्यावर 'बाद' असे नसेल, तर पुस्तक मुकाट नेऊन परत करावे. त्यात विनोद नाही.

दिवाळी अंक आढळला तर साल न बघता उचलावा. काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये ही प्रथा सुरू केल्यापासून कथा जुन्या झाल्या असतील, पण मागच्या पानांवरचे राशिभविष्य पडताळायची सोय फक्त जुन्या अंकातच असते.

मत कसे बनवावे

सगळा खटाटोप ह्यासाठी आहे. नव्या कोऱ्या पुस्तकाला वाईट म्हणायला जड जाते, कारण चारशे रुपये आपले गेलेले असतात. आपण मूर्ख ठरू नये म्हणून पुस्तक थोर ठरवावे लागते. काट्यावर घेतलेल्या पुस्तकाशी असले काही देणेघेणे नसते.

उदाहरणार्थ 'ययाति'. खांडेकरांची ही कादंबरी १९५९ ची, तिला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार आणि पुढे खांडेकरांना ज्ञानपीठ. माझ्या प्रतीवर निळ्या शाईत 'चि. सौ. कां.' आणि 'सप्रेम भेट' आहे. आतली दोन पाने वरच्या कडेला अजून जोडलेलीच होती, मी सुरीने कापली. म्हणजे संसार झाला, पुस्तक राहिले. माझे मत असे की देवयानी, शर्मिष्ठा आणि ययाती आळीपाळीने बोलतात खरे, पण तिघांच्या तोंडी आवाज एकट्या खांडेकरांचा आहे. पूर्ण किंमत दिली असती तर हे मत मी स्वतःलाही सांगितले नसते.

'कोसला'ची प्रत कोणा विद्यार्थ्याची. सुरुवातीच्या पानांवर लाल पेनाने 'परात्मता', 'महत्त्वाचे' असे लिहिलेले, पुढे एकदम सगळे कोरे. परीक्षा झाली असावी. पुढचा पांडुरंग सांगवीकर मला एकट्याला मिळाला आणि तो पहिल्यापेक्षा जास्त हसवतो.

आणि 'बनगरवाडी'. व्यंकटेश माडगूळकरांचे हे पुस्तक १९५५ चे, मुलूख माणदेशाचा. वाडीवर दुष्काळ येतो, मेंढरे मरतात, माणसे निघून जातात, मास्तरची शाळा ओस पडते. हे पुण्यात वाचले तर वर्णन वाटते. १९७२ साल ज्या घरांनी काढले, तिथे ते वर्णन वाटत नाही. माझ्या प्रतीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर शिसपेन्सिलीने कडब्याचा हिशेब आहे. पेंढ्यांचा आकडा, दर, खाली 'उचल' आणि ती वजा करताना दोनदा खोडलेली बेरीज. मालक वाचता वाचता उठून हिशेबाला लागला असावा. ह्या कादंबरीवर इतके नेमके परीक्षण मी दुसरीकडे वाचलेले नाही.

बाबुराव अर्नाळकरांबद्दल मत बनवायला वेळच मिळत नाही. माणसाने हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, वाचक पान उलटण्यात गुंतलेला. भाषा एकसुरी, पोलीस ठोंबे, योगायोग पैशाला पासरी. हे सगळे मान्य करून सांगतो, दुपारच्या एसटीत, खिडकी अडकलेली असताना, ह्यांच्याइतका उपयोगी लेखक नाही.

एक विनंती करून हे मार्गदर्शन संपवतो. माझ्याकडच्या एका अर्नाळकरी पुस्तकाचे मुखपृष्ठ नाही, त्यामुळे नाव सांगता येत नाही, आणि शेवटचा फर्माही गेलेला आहे. झुंजार तळघरात अडकला आहे, पाणी गुडघ्यापर्यंत आले आहे आणि किल्ली वर राहिली आहे. कोणाच्या माळ्यावर ही शेवटची सोळा पाने असतील तर रद्दीत घालू नका. काट्यावर म्हणाल तो भाव देईन. वाचणार आहे म्हणून पन्नास मात्र मागू नका.